कोर्ट उठण्याआधी

माझी नोकरी बसण्याची आहे. एकतीस वर्षं मी कोर्टात लघुलेखक म्हणून बसते आहे. न्यायाधीश वर डायसवर, मी त्यांच्या बरोबर खाली, तोंड वकिलांकडे. साक्षीदार बोलतो, त्यातलं घेण्यासारखं तेवढं न्यायाधीश मला सांगतात आणि मी टाइप करते. पूर्वी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे. खुर्ची मात्र तीच आहे. कोर्ट कोणतं ते सांगत नाही, उगाच अवमान व्हायचा. माझं घर अमरावतीला, मोठ्या जावेचं अकोल्याला आणि कोर्ट या दोन घरांच्या मधे, पॅसेंजर थांबते अशा एका गावी, एवढं पुरे.

कोर्टात उठण्याबसण्याचे नियम असतात. न्यायाधीश आले की सगळे उठतात. न्यायाधीश उठले की सगळे उठतात. मधल्या वेळात वकील बाहेर जाऊन चहा पिऊन येतात, पक्षकार झोपतात, पोलीस फोनवर बोलायला सटकतात, पण लघुलेखकाने उठायचं नसतं. हा नियम कुठेही लिहिलेला नाही. मी शोधला होता, गरज पडली तेव्हा.

गरज पडली ती पंचावन्नाव्या वर्षी. त्याआधी दोन वर्षं पाळी गेली होती आणि मी तिला अगदी आनंदाने निरोप दिला होता. वाटलं, संपली एकदाची कटकट. कटकट संपली नव्हती, तिने फक्त जागा बदलली होती. लघवीला जाऊन आले तरी जाऊन आल्यासारखं वाटेना. अर्ध्या तासात पुन्हा घाई, आणि घाई म्हणजे अशी की दाराची कडी काढेपर्यंत धीर नाही. त्यात आग. मिरच्या कांडल्यावर हाताची होते तशी आग, फक्त हात नव्हे, भलतीकडे. सहा तास खुर्चीवर बसून उठले की वाटायचं, खुर्चीवर सालपट ठेवून आले.

आमच्या कोर्टात बायकांचं स्वच्छतागृह इमारतीच्या मागे आहे. ते स्वच्छ राहावं म्हणून त्याला कुलूप असतं, आणि कुलूप असल्यामुळे ते खरोखरच स्वच्छ राहतं. किल्ली कोर्टाचं सामानसुमान सांभाळणाऱ्या नाझरांच्या टेबलावर. ती हरवू नये म्हणून लाकडाच्या एका ठोकळ्याला बांधलेली, आणि ठोकळ्यावर पांढऱ्या रंगात ठसठशीत ‘महिला’. तो ठोकळा हातात घेऊन निघालं की वऱ्हांड्यातल्या पन्नास पक्षकारांना तुम्ही कुठे निघालात ते कळतं. परत येताना तेच पन्नास जण बाजूला सरून मानाने वाट देतात.

मी पाणी सोडलं. सकाळचा चहा सोडला. पॅसेंजरमधे मात्र घोट घोट प्यायची, कारण डब्यात संडास हाताशी. दिवसभरात ते दोन प्रवास तेवढे मी माणसासारखी असायची. लोक गाडी वेळेवर यावी म्हणून देवाला हात जोडतात, मी ती सिग्नलला थांबून राहावी म्हणून जोडायची.

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी माझा प्रश्न पाण्याचा समजून हाती घेतला. एका कागदावर सकाळपासूनचे कप, ग्लास मांडले आणि म्हणाले, “पाणी सोडाचं टाइमटेबल पायजे. तू कवाबी पेतं, म्हून कवाबी जा लागते.” कालव्याची आवर्तनं त्यांनी आयुष्यभर अशीच ठरवली होती आणि टोकाच्या शेतकऱ्याला पाणी कधीच पोचलं नव्हतं. तरीही मी आठ दिवस ते टाइमटेबल पाळलं. आग वाढली.

जावेला फोनवर सांगितलं. अकोल्यात कुणाला कधीही काहीही झालं तरी ते उन्हाचंच असतं.

“तुले उन्हाळी लागली, दुसरं काई नाई वं,” ती म्हणाली. लघवीच्या जळजळीला आमच्याकडे उन्हाळीच म्हणतात. “पळसाचे फुलं उकड आन् बेंबीखाली बांध.”

“बाई, चार महिने झाले. दिवाळी आली आता.”

“मंग मागच्या उन्हाळ्याची असन ते.”

तिने वाळवलेली पळसाची फुलं पिशवी भरून पाठवली. मी बांधली. पोट केशरी झालं, बाकी सगळं जिथल्या तिथे. मग धन्याजिऱ्याचं पाणी झालं, गोखरूचा काढा झाला, सब्जा झाला. हे सगळं प्यायचं होतं आणि पिणं हाच तर माझा गुन्हा होता.

आमचे जुने डॉक्टर यांच्याही आधीचे, सासऱ्यांपासूनचे. त्यांनी लघवी तपासायला लावली. रिपोर्ट चांगला आला, जंतू नाहीत.

“म्हणजे काही नाही ना?” मी विचारलं.

“काही नाही. म्हणूनच म्हणतो, गोळ्या लवकर सुरू करा.”

जंतूंच्या गोळ्यांचा एक कोर्स झाला. दुसरा झाला. पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटतो हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा टाइप केलं असेल, आणि इथे आरोपीच सापडला नव्हता तरी शिक्षा चालू होती. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, “आता वय झालं. मनावर घेऊ नका. भजनात मन रमवा.” भजनाला सतरंजीवर तीन तास मांडी घालून बसावं लागतं हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांना मांडी घालावी लागत नसावी.

मीही काही कमी शहाणी नव्हते. स्वच्छता कमी पडते असं माझं मीच ठरवलं आणि दिवसातून तीनदा साबण, वर जंतुनाशकाचे थेंब टाकलेलं पाणी असा कार्यक्रम सुरू केला. त्याने काय झालं ते लिहीत नाही. शत्रूलाही सुचवू नये असा उपाय आहे, एवढंच नोंदवते.

आणि घरात वेगळंच चाललं होतं. जवळीक म्हटली की मला दुखायचं, इतकं की मी दात आवळून पंख्याची पाती मोजायची. एकदा, दोनदा, मग मी माझी गादी पुढच्या खोलीत नेली. कारण काय सांगायचं, तर तुम्ही घोरता. हे कधी घोरले नव्हते. पण माणूस झोपेत असतो, त्याला पुरावा कुठून मिळणार? बिचारे नाकाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. त्यांनी थेंब दिले. मी पुढच्या खोलीतून ऐकायची, रोज झोपताना ते मान मागे टाकून नाक ओढायचे. फार वाईट वाटायचं, आणि तरी मी काही बोलले नाही.

शेवटी अमरावतीलाच एका लेडी डॉक्टरकडे गेले. इथे एक गोष्ट कबूल करते. माझ्या हाताखालून वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या किती साक्षी गेल्या आहेत. बाईच्या शरीराचा कोणताही भाग असा नाही ज्याचं नाव मी स्वच्छ, बिनचूक, न अडखळता टाइप केलेलं नाही. समोर वीस वकील असताना केलेलं आहे. आणि त्या डॉक्टरबाईंसमोर, दार बंद असताना, मी म्हटलं, “खाली जरा त्रास आहे.”

“खाली म्हणजे? पाय?”

मी म्हटलं, “हो.”

त्यांनी वाकून माझे पाय बघितले. मग माझ्याकडे बघितलं. “ताई, पायांसाठी समोरच्या बिल्डिंगमधे जा. नाहीतर खरं सांगा.”

मग सांगितलं. त्यांनी तपासलं, तेही दुखलं, पण त्या हळू होत्या. रक्त जातं का, छातीत कधी गाठ होती का, घरात कुणाला कॅन्सर होता का, सगळं विचारून घेतलं. म्हणाल्या, पाळी गेली की शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि योनीच्या आतली त्वचा त्याच्यावरच पोसलेली असते. ती पातळ होते, कोरडी पडते, आवळते. लघवीची पिशवी आणि नळी शेजारीच, त्यांचंही पोषण तेच, म्हणून त्याही कुरकुर करतात. जंतू नव्हतेच. साबण बंद, जंतुनाशक बंद, पाणी व्यवस्थित प्यायचं. एक क्रीम लिहून दिलं, सोबत नळी. दोन आठवडे रोज झोपताना आत लावायचं, मग आठवड्यातून दोनदा. जवळ जायचं असेल तेव्हासाठी वेगळं जेल.

“किती दिवस लावायचं?”

“चष्मा किती दिवस लावता?” त्या म्हणाल्या. “फरक पडायला दीड-दोन महिने लागतील. बरं वाटलं म्हणून सोडू नका. आणि वय झालं असं कुणी म्हटलं तर त्याला माझ्याकडे पाठवा.”

“अशा अजून येतात का कुणी?”

“रोज येतात. पाय दुखतात म्हणून.”

त्या संध्याकाळी मी यांना सांगितलं, “तुमचं घोरणं नव्हतं ते.” आणि मग सगळं. हे म्हणाले, “मंग मी वरीसभर नाकात थेंब टाकून राहिलो ते?” मी हसले, हसता हसता रडायला लागले. ते म्हणाले, “मले वाटलं, तू माह्यावर रागावली.” इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला वर्षभर असं वाटू दिलं याची मला आजही लाज वाटते, दुखण्याची नाही.

पण औषधाला वेळ होता आणि माझ्यापाशी धीर उरला नव्हता. माझ्या ड्रॉवरमधे एक अर्ज टाइप करून ठेवलेला होता. विषय, स्वेच्छानिवृत्ती मिळणेबाबत. निवृत्तीला अठराच महिने होते. सगळा अर्ज सुरेख झाला होता, फक्त कारणाची ओळ कोरी होती. कौटुंबिक कारण म्हणावं तर घरात काही नव्हतं. प्रकृती म्हणावं तर कसली प्रकृती, असं विचारत तो कागद पाच टेबलांवरून जाणार आणि पाचही टेबलांवर पुरुष. खरं सांगते, मला ती खुर्ची सोडायची नव्हती. घरी मी कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची धाकटी जाऊ. त्या खुर्चीत बसून समोरच्याचं वाक्य संपण्याआधी माझी बोटं तिथे पोचलेली असतात, हे एकच काम मला लोकांपेक्षा चांगलं येतं. ते मी लघवीपायी सोडणार होते, आणि सोडताना तसं लिहिणारही नव्हते.

त्या वेळी आमच्या कोर्टात नव्या न्यायाधीश आल्या होत्या. साताऱ्याकडच्या, माझ्याच वयाच्या, कडक. एकदा बसल्या की जेवणाच्या सुटीपर्यंत हलायच्या नाहीत. त्यांच्या पुढ्यातला झाकण घातलेला पाण्याचा ग्लास संध्याकाळी जसाच्या तसा भरलेला परत जायचा. आम्ही कर्मचारी कौतुकाने म्हणायचो, काय निग्रह आहे बाईंचा.

क्रीम सुरू करून आठ दिवस झाले होते. धुऱ्याचा दावा चालू होता. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध, आणि आमच्याकडे धुऱ्यासाठी माणसं आयुष्य घालवतात. मोजणी खात्याचा माणूस साक्षीला उभा होता. प्रतिवादीचे म्हातारे वकील त्याला तोच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी विचारत होते. हद्दीचा दगड निंबापासून किती फुटांवर? निंबाच्या बुंध्यापासून की सावलीपासून? सावली सकाळची की दुपारची? डॉक्टरबाईंनी सांगूनही मी गाडीतून उतरल्यापासून घोटभरही पाणी प्यायले नव्हते. त्याचा काही उपयोग नव्हता. आधी पायावर पाय टाकला. मग बोटं कीबोर्डवर घट्ट दाबून धरली, त्यामुळे पडद्यावर ‘निंब’ या शब्दाला सतरा अनुस्वार लागले. मग मला कळलं की आता दोनच गोष्टी शक्य आहेत, उठणं किंवा एकतीस वर्षांची अब्रू खुर्चीवर सोडणं.

मी उठले.

माझ्या समोर म्हातारे वकील होते. ते मान खाली घालून कागद चाळत होते. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना मी उभी राहिलेली दिसले. एकतीस वर्षांत मी न्यायाधीश उठल्याशिवाय कधी उठले नव्हते. त्यांनी वाक्य अर्धं सोडलं, कागद गोळा केले आणि कमरेत वाकून नमस्कार केला. त्यांचं बघून दुसरे वकील उठले. वकील उठले म्हणून पक्षकार उठले, मागे झोपलेले दोघे भाऊ, वादी आणि प्रतिवादी, एकमेकांना कोपराने उठवून उठले. पोलिसाने टोपी घातली. साक्षीदार पिंजऱ्यातून खाली उतरला. शिपायाने सवयीने चेंबरचं दार उघडून धरलं.

मॅडम फाइलमधे डोकं घालून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली तर सगळं कोर्ट हात जोडून उभं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, बारालाही दहा मिनिटं कमी होती. मग माझ्याकडे बघितलं. आणि मग त्या उठल्या आणि आत गेल्या. किती चटकन उठल्या, हे माझ्या लक्षात नंतर आलं. त्या क्षणी मी ठोकळ्याकडे धावत होते.

परत आले तर बेंच क्लार्क वाटेतच उभे. “मॅडमनं बलावलं तुमाले. आन् रिकाम्या हातानं जाऊ नका, कोणतीतरी फाइल घ्या.” चेंबरमधे रिकाम्या हाताने जायचं नसतं, हा आमच्याकडचा दुसरा न लिहिलेला नियम. मी ड्रॉवर उघडला आणि अर्ज फाइलला लावला.

चेंबरमधे मॅडम नव्हत्या. आतल्या स्वच्छतागृहाचं दार बंद होतं. मी उभी राहिले. बराच वेळ उभी राहिले. मग त्या हात पुसत बाहेर आल्या, खुर्चीवर बसताना जरा थांबून, एका बाजूला वजन टाकून बसल्या. ती बसण्याची पद्धत मला ओळखीची होती.

“का उठलात?”

मी अर्ज पुढे केला. त्यांनी तो दावा वाचावा तसा वाचला, तारखेपासून सहीपर्यंत.

“कारण कोरं आहे.”

“हो मॅडम.”

“अपूर्ण अर्ज मी घेत नाही. कारण सांगा.”

काय झालं कुणास ठाऊक. त्यांनी साक्षीदाराला विचारावं तसं विचारलं आणि मी साक्षीदारासारखी बोलले. म्हटलं, “माझी पाळी जाऊन चार वर्षे झाली. योनीतील त्वचा पातळ व कोरडी झालेली आहे. बसल्यावर वेदना होतात. लघवी धरवत नाही. तपासणीत जंतू आढळले नाहीत. वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.” कुठेही अडखळले नाही. टाइप करताना अडखळत नाही तशीच.

मॅडम उठल्या आणि चेंबरचं दार लावून आल्या.

“औषध काय दिलंय?”

मी सांगितलं.

“दुखणं थांबतं का त्याने?”

“आठच दिवस झालेत, मॅडम. वेळ लागतो म्हणाल्या.”

“पाणी न पिऊनही होतंच ना?” त्या म्हणाल्या, आणि मग मला तो झाकलेला ग्लास आठवला.

त्यांनी ड्रॉवरमधून कोरा कागद काढला, पेनचं टोपण उघडलं. “डॉक्टरांचं नाव, पत्ता, औषधाचं नाव. सावकाश सांगा, मला हाताने लिहायची सवय राहिली नाही.” मग मी सांगत गेले आणि न्यायाधीश लिहून घेत गेल्या. साबण बंद, हेही लिहिलं. चष्म्यासारखं, हेही लिहिलं. शेवटी पेन उचलून त्यांनी विचारलं, “तिथे गेल्यावर नेमकं काय सांगायचं?” तीस वर्षं जगाला प्रश्न विचारणारी बाई मला हे विचारत होती.

“पाय दुखतात म्हणू नका, मॅडम,” मी म्हटलं.

त्या हसल्या. आमच्या कोर्टात तरी ते पहिल्यांदाच. मग अर्ज माझ्याकडे परत सरकवला. “त्रुटी पूर्ण करून आणा. घाई नाही.”

याला आता पाच महिने झाले. क्रीम चालू आहे, बुधवार आणि शनिवार. आग गेली. घाई पूर्ण गेलेली नाही, पण आता ती सांगून येते. गादी पुन्हा आतल्या खोलीत आहे आणि हे आता खरंच घोरतात. जावेला मी त्या डॉक्टरबाईंकडे नेऊन आणलं, कारण तिला पळसाची फुलं इतकी तोंडपाठ का होती हे मला उशिरा कळलं. किल्लीची एक प्रत माझ्या ड्रॉवरमधे असते, ठोकळ्याशिवाय. अर्ज त्याच्याच खाली आहे, कारणाची ओळ अजून कोरी आहे, आणि ती मी भरणार नाही.

मॅडमचा ग्लास आता दुपारपर्यंत रिकामा होतो. पण साक्ष चालू असताना न्यायाधीशांनी मधेच उठून जाणं अजूनही शोभत नाही. म्हणून साडेअकराच्या सुमाराला त्या सांगता सांगता थांबतात आणि चष्म्यावरून खाली माझ्याकडे बघतात. मी वाक्य पूर्ण करते, पूर्णविराम देते आणि उठते. वकील नमस्कार करतात, साक्षीदार खाली उतरतो, शिपाई दार उघडतो, आणि सगळ्यात शेवटी मॅडम उठतात.